रुग्णालयाला तिकीटखिडकी नसावी

सोलापूर हा शिकारी पक्ष्यांचा जिल्हा आहे असे सांगितले, तर बाहेरगावच्या पाहुण्याला ते खरे वाटत नाही. त्याच्या डोक्यात सोलापूर म्हणजे चादर, शेंगाचटणी आणि ऊन. पण डिसेंबरातल्या एखाद्या संध्याकाळी त्याने नान्नजच्या माळावर जाऊन उभे राहावे. मध्य आशियातून आलेले भोवत्या पक्षी गवताच्या शेंड्यांना टेकल्यासारखे फिरत असतात आणि अंधार पडू लागला की एकेक करून त्याच गवतात रात्रीपुरते उतरतात. सापमार गरुड हवेत एका जागी थांबून खालचे सावज हेरतो, कापशी घार तारेवर बसून शेपटी वरखाली करते आणि उजनीच्या पाणफुगवट्यावर हिवाळ्यात मासे उचलणारा कैकर दिसतो. खुद्द शहरात, सिद्धेश्वर तलावापासून तुळजापूर रस्त्यावरच्या कचरा डेपोपर्यंत, साध्या घारींना तर तोटाच नाही. माळढोकासाठी १९७९ साली राखलेल्या अभयारण्यात आज माळढोक दिसणे ही बातमी ठरते. शिकारी पक्षी मात्र अजून टिकून आहेत.

टिकून आहेत, तसे ते जखमीही होत आहेत. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी तो झाडांवर आणि तारांवर अडकलेला दिसतोच आणि घारीच्या पंखाच्या सांध्यात करवतीसारखा रुततो. मोठ्या पक्ष्याचे पंख इतके रुंद असतात की खांबावर बसताना किंवा उडताना ते एकाच वेळी दोन तारांना टेकतात आणि पक्षी जागीच भाजतो. उन्हाळ्यात पारा ४० च्या पुढे गेला की पाण्याअभावी गळाठलेल्या घारी गच्चीवर, अंगणात, शाळेच्या पटांगणात येऊन पडतात. सापडणारा माणूस बहुधा भला असतो. तो पुठ्ठ्याचा खोका शोधतो, कोणाला तरी विचारून वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन लावतो आणि मग खरा प्रश्न सुरू होतो, की हा पक्षी न्यायचा कुठे. शिकारी पक्ष्याच्या मोडलेल्या पंखावर शस्त्रक्रिया करू शकणारी सुसज्ज व्यवस्था पुण्यात आहे, म्हणजे सुमारे २५० किलोमीटरवर. आधीच अर्धमेल्या पक्ष्यासाठी हे अंतर फार आहे. आपल्याकडेच शिकारी पक्ष्यांसाठी उपचार व पुनर्वसन केंद्र असावे, असे पक्षी पाहणारी मंडळी म्हणतात ते म्हणूनच, आणि त्याला विरोध करण्याचे कारण मला दिसत नाही.

माझा आक्षेप आहे तो या कल्पनेला हल्ली हमखास जोडल्या जाणाऱ्या शेपटाला. केंद्र होईलच, तर ते निसर्ग पर्यटनाला जोडावे, माणशी तिकीट लावावे, शाळांच्या सहली आणाव्यात, छायाचित्रकारांना वेगळा पास द्यावा, असे बोलले जाते. ज्या गरुडाचे छायाचित्र मिळवायला माळावर आठ दिवस घालवावे लागतात, तो येथे दोन हातांवर मिळेल, हे त्यातले न बोललेले आकर्षण. मला असे वाटते, की जो पक्षी बरा होऊन परत जाणार आहे, त्याला उपचार करणाऱ्या दोनतीन माणसांपलीकडे माणूस दिसताच कामा नये. आणि जो कधीच परत जाऊ शकणार नाही, त्याला दाखवायचे की नाही हे त्याचा स्वभाव पाहून ठरावे, गर्दी पाहून नव्हे.

हे मत मी पुस्तकातून उचललेले नाही. काही वर्षांपूर्वी मी स्वतः कॅमेरा गळ्यात अडकवून राज्यातल्या अशाच एका केंद्रात गेलो होतो. त्याचे नाव घेत नाही, कारण त्या दिवशी जे झाले त्यात माझा वाटा केंद्राहून कमी नव्हता. रविवार होता. जाळीच्या पिंजऱ्यात एक घार होती, तिचा उजवा पंख पट्टीने अंगाशी बांधलेला. जाळीपुढे वीसेक माणसे उभी होती. तिने इकडे बघावे म्हणून एक जण तोंडाने चक्‌चक्‌ करीत होता, दुसरा किल्ल्यांचा जुडगा जाळीवर वाजवत होता आणि एका गृहस्थांनी मुलाला दिसावे म्हणून त्याला उचलून अगदी जाळीला टेकवले होते. घारीने चोच उघडली होती, अंगाची पिसे चापून बसवली होती आणि मोकळा पंख थोडा उचलून ती मागे सरकत होती. मागे जाळी आली, तेव्हा तिने उडी मारली. शेपटी जाळीच्या भोकांत अडकली आणि ती पुन्हा पुन्हा उसळत राहिली. तिथला पोऱ्या टॉवेल घेऊन धावत आला. त्याने टॉवेल अंगावर टाकून आधी तिचे पाय धरले, कारण शिकारी पक्ष्याची धास्ती चोचीपेक्षा नख्यांची असते, हे त्याला ठाऊक होते. टॉवेलाबाहेर आलेली शेपटी मला दिसली. कडेची पिसे झिजलेल्या खराट्याच्या काड्यांसारखी झाली होती. पंखावरची पट्टी सरकली होती, म्हणजे ती सोडून पुन्हा बांधणे आले, आणि ते करायचे म्हणजे पुन्हा धरणे आले.

या सगळ्या प्रकारात मला सतरा छायाचित्रे मिळाली. त्यांतले एक मी अभिमानाने मित्रांना पाठवले आणि खाली लिहिले, ‘ललकारी’. पुढे पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरांनी ते पाहिले आणि शांतपणे सांगितले, की ही घार ओरडत नाही, धापा टाकते आहे.

त्या तुटलेल्या पिसांचे पुढे काय होते, हे बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसते. घार शेपटीने वळते. गर्दीच्या बाजारावरून झडप घालून विजेच्या तारांमधून निसटायचे तर तिची टोकाशी दुभागलेली शेपटी शाबूत लागते. पीस मुळापासून उपटले गेले तर नवे येऊ शकते, पण अर्ध्यात तुटले तर त्याचा खुंट पुढची पिसे झडण्याची वेळ येईपर्यंत तसाच राहतो. म्हणजे पंखाचे हाड जुळले तरी पक्षी आणखी कित्येक महिने पिंजऱ्यात. त्यावर एक जुना इलाज आहे. शिकारी ससाणे पाळणाऱ्यांनी शतकानुशतके वापरलेला. तुटक्या पिसाच्या पोकळ नळीत बांबूची बारीक काडी बसवायची आणि तिच्यावर दुसऱ्या पक्ष्याचे गळालेले पीस चढवून चिकटवायचे. आपल्याकडे बोराला डोळा भरतात, त्या जातीचे हे काम आहे, तितकेच नाजूक, आणि ते करताना पक्षी पुन्हा एकदा हातात धरावा लागतो.

शिकारी पक्षी आपल्याला इतके घाबरतो याचे आपल्याला नवल वाटते, कारण तो आपल्याला शूर वाटतो. झेंड्यांवर, नाण्यांवर आणि मुद्रांवर आपण त्याला शौर्याचे चिन्ह करून ठेवले आहे. पण पिंजऱ्यातल्या घारीच्या बाजूने पाहावे. तिची नजर तीक्ष्ण असते, तेव्हा पलीकडचा प्रत्येक चेहरा, प्रत्येक बुबूळ तिला स्पष्ट दिसत असते. दोन डोळे समोर ठेवून टक लावून पाहणारा प्राणी म्हणजे शिकार करणारा प्राणी, एवढा एकच अर्थ तिच्या जगात आहे. तिला पळायला जागा नाही आणि पंख बांधलेला आहे. ससाणे पाळणाऱ्यांनी पक्ष्याच्या डोळ्यांवर कातड्याची टोपी घालण्याची युक्ती काढली ती उगाच नव्हे. दिसेनासे झाले की तो शांत होतो. सापडलेला पक्षी अंधाऱ्या खोक्यात ठेवा, सारखे उघडून पाहू नका, असे जाणकार सांगतात ते याच कारणाने. हाच पक्षी केंद्रात पोहोचल्यावर उजेडात, गर्दीपुढे, जाळीच्या पिंजऱ्यात ठेवायचा, ही विसंगती आपल्या लक्षात कशी येत नाही?

या भयाची शरीरात नोंद राहते. पीस वाढत असताना पक्ष्याची उपासमार झाली किंवा त्याच्यावर मोठा ताण आला, तर त्या दिवसांत तयार झालेला पिसाचा भाग कमकुवत निघतो आणि पिसावर आडवी, जवळजवळ पारदर्शक रेघ उमटते. उजेडासमोर धरले तर ती दिसते. पीस पुढे मोडते ते बहुधा याच रेघेवर. दुसरा धोका बुरशीचा. हवेत सगळीकडे असणारी ॲस्परजिलस ही बुरशी धडधाकट पक्ष्याला सहसा काही करीत नाही. पण जखम, बंदिवास आणि ताण यांनी खचलेल्या शिकारी पक्ष्याच्या फुप्फुसात आणि वायुपिशव्यांत ती घर करते, आणि लक्षणे दिसेपर्यंत बरेचदा उशीर झालेला असतो. आणि पिलांची गोष्ट तर वेगळीच. डोळे उघडल्यापासून माणसेच पाहिलेले पिलू माणसालाच आपल्या जातीचे समजू लागते. ते मोठे होऊन सोडले, तर भूक लागल्यावर माणसाच्या अंगावर येते, आणि मग लोक दगड उचलतात.

कायद्याची बाजूही पाहू. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये प्राणीसंग्रहालयाची व्याख्या आहे. २०२२ च्या दुरुस्तीने ती बदलताना बचाव केंद्रे आणि संवर्धन प्रजनन केंद्रे यांचा उल्लेख प्रदर्शनासाठी नसलेल्या सुविधा असाच केलेला आहे. म्हणजे या जागा लोकांना दाखवण्यासाठी नाहीत, हे गृहीत धरूनच कायदा बोलतो. याच कायद्याच्या कलम ३८ जे नुसार प्राणीसंग्रहालयातल्या प्राण्याला छेडणे, खाऊ घालणे, आवाज करून त्याला त्रास देणे यांवर बंदी आहे. किल्ल्यांचा जुडगा वाजवणारे ते गृहस्थ एका अर्थी कायदाच मोडत होते, आणि त्यांना तसे सांगणारे तिथे कोणी नव्हते. मीही सांगितले नाही, कारण घार त्यांच्याकडे बघत असताना मला चांगला कोन मिळत होता.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. लोक जे पाहतात त्याचीच काळजी करतात, हे म्हणणे मला नाकारता येत नाही. घुबडाचेच घ्या. आपल्या गावांतून अजूनही घुबड ओरडले की कोणीतरी जाणार असे मानतात, गव्हाणी घुबडाची पिले सापडली तर त्यांना दगड मारणारे आहेत, आणि दिवाळीच्या अमावास्येला जादूटोण्यासाठी घुबडे पकडली जातात हे वन विभागही दरवर्षी बजावत असतो. गंमत अशी, की पहाटे दारात येऊन भविष्य सांगणाऱ्या पिंगळ्याला आपण सुपातून धान्य घालतो आणि ज्याच्या नावावरून तो पिंगळा झाला त्या पक्ष्याला मात्र वळचणीतून हाकलतो. अशा समाजात एका जिवंत घुबडाला दहा मिनिटे जवळून पाहिलेले मूल पुढे दगड उचलताना थांबेल, ही शक्यता खरी आहे. शेतातले उंदीर कोण खाते हे शिक्षकाने फळ्यावर लिहिले तर ते पुसले जाते. घुबडाने मान मागेपर्यंत वळवून पाहिले तर ते विसरत नाही.

गिधाडांनी याची किंमत आपल्याला शिकवलेली आहे. १९९२ ते २००७ या काळात भारतात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली, म्हणजे हजारातले एक उरले. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे त्याचे कारण आहे हे २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. गावाबाहेर मेलेली गुरे पडून राहू लागली, तरी हा पक्षी गेला याची चर्चा फारशी झाली नाही, कारण तो कोणाला आवडत नव्हता. आवड निर्माण होणे महत्त्वाचे आहे, यात वाद नाही. मात्र त्याच गिधाडांसाठी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि हरियाणाचा वन विभाग यांनी पिंजोरला जे केंद्र उभारले, तिथे गिधाडे लोकांपुढे मांडलेली नाहीत. त्यांच्यावर लक्ष ठेवणारी माणसेसुद्धा बरेचदा सीसीटीव्हीच्या पडद्यावरच त्यांना पाहतात. वर्षाला एकच अंडे घालणाऱ्या पक्ष्याच्या बाबतीत तेवढी सावधगिरी लागते.

अमेरिकेच्या संघीय नियमांत या पेचावर एक सरळ तोड आहे, आणि ती मला पटते. स्थलांतरी पक्ष्यांच्या पुनर्वसनाचा परवाना असलेल्या व्यक्तीला उपचाराखालचा पक्षी लोकांना दाखवता येत नाही. दाखवायचाच असेल तर कॅमेऱ्यातून, आडोशामागून किंवा आवाज आणि माणसांचा संपर्क कमी होईल अशाच रीतीने. शिवाय स्वतंत्र परवानगीशिवाय पक्षी १८० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. त्याच नियमांत एक कठोर तरतूद आहे: पूर्ण आंधळा झालेला किंवा ज्याचा पाय अथवा कोपरापासून वर पंख कापावा लागेल, असा पक्षी वेदनारहित मरणाने संपवावा. आपल्याकडे हे वाचून बहुतेकांना धक्का बसतो. आपली प्रवृत्ती जीव वाचवण्याची आहे आणि ती मला प्रिय आहे. पण तिचा परिणाम असा होतो, की एक पंख नसलेली घार पिंजऱ्यात पंधरा-वीस वर्षे काढते आणि दया दाखवल्याचे समाधान आपल्याला मिळते. हा प्रश्न या लेखात सुटणार नाही. पण केंद्रात कायमचे राहणारे पक्षी असणारच, एवढे त्यातून स्पष्ट होते, आणि लोकांना दाखवायचे असेल तर ते यांच्यातून.

त्यांतूनही सरसकट नव्हे. प्रौढ वयात पकडलेली, रानात वाढलेली, तारेने पंख गेलेली घार माणसाला कधीच सरावत नाही. तिला रविवारच्या गर्दीपुढे ठेवणे म्हणजे रोजची तीच धाप. याउलट कोणीतरी माळ्यावर सापडलेले गव्हाणी घुबडाचे पिलू मायेने दूधपोळीवर वाढवते, पुरेसे कॅल्शियम न मिळाल्याने त्याची हाडे वाकतात, माणसांतच ते मोठे होते आणि मग त्याला केंद्रात आणून सोडले जाते. हे पिलू परत जाऊ शकत नाही, आणि माणसाला भीतही नाही. मुलांपुढे आणायचे तर त्याला आणावे, आणि त्याचे पाय वाकडे का, हे आधी सांगावे. मिनेसोटा विद्यापीठाचे रॅप्टर सेंटर १९७४ पासून हे काम करते. तिथे वर्षाला हजाराच्या घरात जखमी पक्षी येतात, आणि शाळांतून फिरतात ते वेगळेच, शिकवण्यासाठी निवडलेले आणि सरावलेले पक्षी.

उपचाराखालच्या पक्ष्यांना पडद्यावर दाखवण्याला लोक नाक मुरडतील, हे मला ठाऊक आहे. घरी टीव्ही असताना केंद्रात जाऊन पुन्हा पडदाच का पाहायचा? मात्र पडद्यावर ते दिसते जे जाळीतून कधीच दिसत नाही. माणसाची चाहूल नसलेला पक्षी पिसे साफ करतो, पाणी असले तर अंघोळ करतो, खाल्लेल्या उंदराची हाडे आणि केस यांची गोळी मान हलवून हलवून बाहेर टाकतो, एका पायावर उभा राहून झोपतो. पंख बरा झाल्यावर मोठ्या दालनात एका दांडीवरून दुसऱ्या दांडीवर झेप घेताना तो पहिल्यांदा कमी पडतो, खाली येतो, चालत जाऊन पुन्हा चढतो. हे पाहायला मी तिकीट काढीन. पडद्याऐवजी काळ्या काचेची खिडकी ठेवायची असेल, तर तिचे एक साधे तंत्र पाळावे लागते: पाहणाऱ्यांची बाजू पक्ष्याच्या बाजूपेक्षा अंधारी हवी. आपल्याकडे काच बसते आणि पाठोपाठ पाहणाऱ्यांच्या खोलीत ट्यूबलाइट लागते. मग काच कोणाला दिसू देते आणि कोणाला नाही, याचा हिशेबच उलटतो.

छायाचित्रकारांविषयी, म्हणजे माझ्याच जातभाईंविषयी, थोडे कडू लिहावे लागेल. बंदिस्त पक्ष्याचे छायाचित्र काढणे हा गुन्हा नाही. पायातला पट्टा चौकटीतून कापून, मागची जाळी धूसर करून तेच छायाचित्र ‘नान्नजच्या माळावरचा क्षण’ म्हणून स्पर्धेला पाठवणे ही मात्र फसवणूक आहे, आणि ती फक्त परीक्षकांची नव्हे. असा गरुड इतक्या जवळून दिसू शकतो असे समजून दुसरा माणूस गाडी गवतात घालतो, भोवत्यांच्या रात्रीच्या मुक्कामात शिरतो. छायाचित्राखाली ‘बंदिवासातील’ हा शब्द लिहायला काही लागत नाही. आपल्या छायाचित्र मंडळांनी आणि स्पर्धांनी तो बंधनकारक करावा. घुबडावर फ्लॅश नको. पक्षी सोडल्याची जागा मोबाइल आपोआप नोंदवतो, ती बंद करावी. केंद्राला छायाचित्रे लागतातच, अगदी भरपूर: जखमेची, पिसांच्या झडीची, डोळ्यांच्या रंगाची, कारण शिक्र्याचे कोवळ्या वयातले पिवळे डोळे पुढे लाल होतात आणि त्यावरून वय कळते. ती उपचार करणाऱ्यानेच काढावीत, पक्षी ज्या वेळी हातात असतोच त्या वेळी, आणि मग हवी त्याला द्यावीत. आमच्यापैकी ज्याला पक्ष्यासाठी खरेच काही करायचे आहे त्याने तिथे कॅमेरा नेण्याऐवजी दिवसभर उंदीर चिरावेत. केंद्राला त्याची जास्त गरज असते.

पक्षी सोडण्याच्या समारंभांबद्दल फार लिहीत नाही. पाहुणे यायला दुपार होते, फलक लागतो, भाषणे होतात आणि मग पक्षी दोन्ही हातांनी चेंडूसारखा वर उडवला जातो. घार सकाळी सोडावी, घुबड तिन्हीसांजेला, शक्यतो जिथे सापडले त्या परिसरात. खोक्याचे झाकण उघडावे आणि बाजूला व्हावे.

उरतो पैशाचा प्रश्न, आणि तिकिटाच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा तोच आहे. औषधे, क्ष-किरण यंत्र, रोजचे मांस, रात्रीचा माणूस, हे सगळे कोठून येणार? इंग्लंडमध्ये अँडोव्हरजवळच्या हॉक कन्झर्व्हन्सी ट्रस्टमध्ये पाहुण्यांच्या शुल्कातून शिकारी पक्ष्यांचे रुग्णालय चालते, असा दाखला दिला जातो आणि तो खरा आहे. पण तिथले पाहुणे पैसे देतात ते उडून दाखवायला सरावलेल्या, कायमच्या पक्ष्यांसाठी. आपल्याकडे ज्याचे तिकीट लावायचे बोलतात, तो मुक्कामाला आलेला रुग्ण आहे. आणि ज्या दिवशी रुग्णाचे तिकीट लागेल, त्या दिवसापासून केंद्राचे हित आणि पक्ष्याचे हित वेगळे होईल. पक्षी बरा झाला की पिंजरा रिकामा. सहल ठरलेली असेल तर ‘आणखी आठवडाभर निरीक्षणाखाली ठेवू’ असे कोणीतरी म्हणेलच, आणि त्यात वाईट हेतू असण्याचीही गरज नाही. म्हणून रुग्णांच्या भागाचा खर्च जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून, साखर कारखान्यांच्या आणि उद्योगांच्या सामाजिक निधीतून उभा राहावा, आणि तिकीट लावायचेच तर ते कायमच्या पक्ष्यांच्या आणि पडद्याच्या दालनापुरते असावे. दोन्हींचे हिशेब वेगळे आणि शक्य तर दारेही वेगळी.

दारांवरून आठवले. परवा एका मित्राने अशा केंद्राचा कच्चा नकाशा वहीच्या पाठकोऱ्या पानावर काढून दाखवला. पुढे वाहनतळ, मग तिकीटखिडकी, मग पिंजऱ्यांची रांग, उपाहारगृह, आणि सगळ्यात मागे, जिथे जागा उरली तिथे, उपचारकक्ष. मी त्याच्या हातातून पेन्सिल घेतली आणि उपचारकक्षाला रस्त्याच्या बाजूने एक वेगळे दार काढले, रात्री दोन वाजता खोका घेऊन येणाऱ्या माणसासाठी. पिंजऱ्यांच्या आणि वाहनतळाच्या मधे भिंत काढली. मित्र म्हणाला, ‘‘मग लोकांनी बघायचे काय?’’ मी पडद्याची जागा दाखवली. त्याने तिथे एक चौकोन काढला, जरा वेळ त्याच्याकडे पाहिले आणि विचारले, ‘‘आणि एखाद्या रविवारी या चौकोनात पिंजरा रिकामाच दिसला तर?’’

‘‘तर खाली तारीख घालून लिहायचे,’’ मी म्हणालो, ‘‘आज सकाळी सोडली.’’